साठीनंतरचा पहिला स्वतंत्र रेल्वेप्रवास : पोहोचायची वेळ आधी बघा

सहल कंपनीच्या बसमध्ये बसलं की डोकं घरी ठेवून जाता येतं. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, साडेसातला बस. सोयीचं आहेच ते, पण देवळाच्या ओवरीत जरा टेकावं म्हटलं की टूर मॅनेजरची हाक येते, आणि ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याने सगळ्यांच्या मागून धावायचं. दोघांनीच रेल्वेने निघालं की ही धावपळ सुटते आणि तिकीट, बर्थ, हॉटेल, औषधं, रिक्षा सगळं अंगावर येतं. ते निभावतं, पण काही गोष्टी दोन महिने आधी ठरवून ठेवल्या तरच.

सगळ्या तयारीत माझा हट्ट एकच. गाडी निवडताना ती किती वाजता पोहोचते ते आधी बघा, सुटायची वेळ नंतर. मुलं सांगतात, "रात्रीची गाडी घ्या, झोपून जाल, दिवस वाचेल." पंचविशीत ते ठीक. पासष्टीत पहाटे साडेतीनला अनोळखी स्टेशनवर उतरायचं, बाहेर दोनच रिक्षावाले, ते सांगतील तो भाव, आणि हॉटेलचा चेक-इन दुपारी बाराला! वाचलेला दिवस मग झोपण्यातच जातो. सकाळी सात ते संध्याकाळी सहा या वेळात पोहोचणारी गाडी असेल तरच घ्यायची, एवढा एक नियम पाळला तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. गाडी दोन-तीन तास रखडली तरी अपरात्री उतरायची वेळ सहसा येत नाही.

मार्ग कसा आखायचा

पहिल्या खेपेला उत्तरेकडे जाऊ नका, निदान डिसेंबर-जानेवारीत तरी नाही. धुक्याने तिकडच्या गाड्या तासन् तास रखडतात आणि पोहोचायच्या वेळेचा हिशेब कोलमडतो. त्याच महिन्यांत दक्षिणेत हवा छान असते. इडली, भात, ताक पोटाला जड जात नाही, आणि भाषेची अडचण वाटते तितकी नसते. स्टेशनवर आणि हॉटेलात मोडक्या इंग्रजी-हिंदीवर भागतं.

दोन आठवडे हाताशी असतील तर मी असा मार्ग सुचवेन : मुंबई, उडुपी, मंगळुरू, कोची, कन्याकुमारी, मदुराई, बेंगळुरू आणि परत. यात गाडीत झोपायच्या रात्री दोनच, पहिली आणि शेवटची. मधले सगळे टप्पे दिवसाचे, खिडकीत बसून.

सुरुवात मत्स्यगंधा एक्सप्रेसने. ती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दुपारी सुटते आणि सकाळी उडुपीला पोहोचते. थंडीत अंधार लवकर पडतो, तरी कोकणात शिरेपर्यंत उजेड साथ देतो. पुण्याच्या मंडळींनी पनवेलला चढावं, मात्र तिथे गाडी थोडाच वेळ थांबते. सवय नसेल तर टर्मिनसलाच जा. गाडी तिथूनच सुटत असल्याने निवांत चढता येतं, सामान लावता येतं.

उडुपीत दोन रात्री. स्टेशन गावापासून थोडं लांब, इंद्राळीत आहे, रिक्षा मिळतात. मग मंगळुरूला रस्त्याने जायचं, साठेक किलोमीटर, आणि तिथे एक रात्र. मंगळुरूहून सकाळी केरळकडे गाड्या निघतात, त्यातली वंदे भारत दुपारी एर्नाकुलमला, म्हणजे कोचीला पोहोचवते. कोचीत तीन रात्री काढा. २०२३ पासून तिथे वॉटर मेट्रो सुरू आहे. तिच्या बोटी धक्क्याला अगदी समपातळीत लागतात, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही पाय टाकताना भीती वाटत नाही. हायकोर्ट धक्क्यावरून थेट फोर्ट कोचीला जाता येतं.

कोची ते कन्याकुमारीसाठी बेंगळुरूहून येणारी आयलंड एक्सप्रेस सोयीची. ती सकाळी एर्नाकुलमला येते आणि दुपारी कन्याकुमारीला पोहोचते. तिथे दोन रात्री. १९७० साली उभं राहिलेलं विवेकानंद शिलास्मारक ज्यांच्या चिकाटीने झालं ते एकनाथ रानडे मूळचे अमरावतीकडचे, म्हणून आपल्या लोकांना तिथे जरा जास्तच आपलेपणा वाटतो. फेरीबोटीची रांग मात्र सकाळी लवकर गाठा; उन्हात तास-दीड तास उभं राहणं या वयात परवडत नाही.

पुढे नागरकोइलपर्यंत रस्त्याने जायचं, वीसेक किलोमीटर. दुपारची चेन्नईकडची वंदे भारत संध्याकाळच्या सुमाराला मदुराईत सोडते. मदुराईतून बेंगळुरूची वंदे भारत पहाटे सुटते. पहाटे उठायचा कंटाळा येईल, पण दुपारी पोहोचता, म्हणून ती माझ्या यादीत आहे. बेंगळुरूत एक रात्र विसावून उद्यान एक्सप्रेसने पुणे किंवा मुंबई. ती रात्री सुटते आणि पुण्याला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर येते. वंदे भारत आठवड्यातून एखादा दिवस धावत नाहीत आणि वेळापत्रकही बदलत असतं, म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी प्रत्येक गाडीचे वार तपासा.

तंजावरचा मोह होईल. मराठी माणसाला भोसल्यांचं तंजावर बघायचंच असतं. पण ते या खेपेत कोंबू नका. मंगळुरू-बेंगळुरूसारखं वाटेत विसावायचं गाव सोडलं, तर दोन रात्रींपेक्षा कमी मुक्कामाचं गाव म्हणजे नुसतं सामान उघडणं आणि बांधणं.

एका गावात दोन स्टेशनं

हा मुद्दा छोटा दिसतो, पण त्यात माणसं फार फसतात. मंगळुरूला सेंट्रल आणि जंक्शन अशी दोन स्टेशनं आहेत. कोकणातून परस्पर केरळात जाणाऱ्या गाड्या बहुधा जंक्शनला थांबतात, सेंट्रलला येत नाहीत. एर्नाकुलमलाही जंक्शन आणि टाउन अशी दोन आहेत. स्थानिक लोक त्यांना साउथ आणि नॉर्थ म्हणतात. वंदे भारत तुम्हाला जंक्शनला सोडेल आणि आयलंड एक्सप्रेस टाउनला येईल, म्हणजे तीन दिवसांनी निघताना रिक्षावाल्याला "नॉर्थ" सांगायचंय हे लक्षात हवं. बेंगळुरूत मदुराईची वंदे भारत कँटोन्मेंटला संपते, तर उद्यान एक्सप्रेस क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्टेशनवरून सुटते, ज्याला तिथले लोक मॅजेस्टिक म्हणतात.

तिकीट हातात आलं की स्टेशनच्या नावाखाली पेनाने रेघ मारा आणि हॉटेल त्या स्टेशनच्या हिशेबाने घ्या. कागदावर छापून घेतलेलं तिकीट यासाठीच बरं पडतं.

तिकीट

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता. प्रवासाचा दिवस यात धरत नाहीत, आणि दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते त्या मूळ स्टेशनच्या तारखेपासून. आयलंड एक्सप्रेस आदल्या रात्री बेंगळुरूहून निघते, म्हणून एर्नाकुलमला चढणाऱ्याने मोजणी आदल्या तारखेपासून करावी.

आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेची तिकिटं काढायची वेबसाइट, तिच्यावरचं खातं महिनाभर आधी उघडून आधारशी जोडून घ्या. आरक्षण उघडतं तेव्हा सुरुवातीच्या वेळात आधार जोडलेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट मिळतं, आणि तत्काळचं तर त्याशिवाय निघतच नाही. नवराबायको दोघांची नावं, वय आणि ओळखपत्र "मास्टर लिस्ट"मध्ये आधीच भरून ठेवा. आठ वाजून दोन मिनिटांनी आडनावाचं स्पेलिंग शोधत बसायला नको. मोबाइलवर काम करायचं धाडस नसेल तर आरक्षण खिडकी आहेच. अर्ज घरूनच भरून न्या, गाडी क्रमांकासकट.

पूर्वी ज्येष्ठांना तिकिटात सवलत होती, पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. तिच्या भरवशावर खर्चाचा अंदाज बांधू नका.

सवलत गेली तरी लोअर बर्थचा कोटा आहे, आणि आपल्यासाठी तो सवलतीपेक्षा मोलाचा. साठ किंवा त्याहून मोठे पुरुष आणि पंचेचाळीस किंवा त्याहून मोठ्या स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. ऑनलाइन तिकीट काढताना कोट्याच्या यादीत "लोअर बर्थ / सीनियर सिटिझन" निवडायचं. अट एवढीच की एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं, आणि दोघंही वयात बसणारे हवेत. बरोबर नातू येणार असेल तर त्याचं नाव तुमच्या तिकिटावर घालू नका. वेगळं तिकीट काढा, नाहीतर तुमचा दोघांचाही कोटा जातो.

वेटिंगचं तिकीट घेऊन घरातून निघायचं नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, आणि खिडकीवरचं वेटिंग तिकीट घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही. आरएसी म्हणजे साइड लोअरवर दोघांनी बसून रात्र काढणं. दिवसाच्या प्रवासात चालेल, रात्री नको. तिकीट काढताना प्रवास विम्याचा चौकोन टिचकी मारून घ्या, माणशी रुपयाही पडत नाही. नंतर मोबाइलवर येणाऱ्या दुव्यावर वारसाचं नाव भरायचं असतं. ते बहुतेक लोक विसरतात.

कुठला डबा, कुठला बर्थ

रात्रीच्या प्रवासाला टू टायर एसी. पैसे जास्त जातात, पण या दोन रात्रींना ते द्यावेत असं माझं ठाम मत. थ्री टायरमध्ये मधला बर्थ लावला की खालच्याला ताठ बसता येत नाही. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्याला वाकून, डोकं सांभाळून बाहेर यावं लागतं. टू टायरमध्ये मधला बर्थ नसतोच. समोरासमोरचे दोन खालचे बर्थ मिळाले तर राजाच.

बर्थचा क्रमांक वाचायला शिका. थ्री टायरमध्ये आठाचा गट असतो. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर, ८ साइड अपर. मग ९ पासून पुन्हा तेच. टू टायरमध्ये सहाचा गट, १ आणि ३ खालचे, ५ साइड लोअर. साइड लोअर काहींना आवडतो, खिडकी स्वतःची मिळते म्हणून. पण तो लांबीला कमी असतो. उंच माणसाचे पाय अवघडतात आणि येणारे-जाणारे पडद्याला घासून जातात.

दिवसाच्या वंदे भारतला चेअर कार पुरते. तिथे सामान सीटखाली मावत नाही, डोक्यावरच्या फळीवर ठेवावं लागतं. म्हणून बॅग एवढीच घ्या की दोघांपैकी जो बळकट आहे त्याला ती एकट्याने डोक्यावर उचलता येईल. घरी पलंगावरून कपाटावर ठेवून बघा. जमली नाही तर दोन साड्या कमी करा. या गाडीचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांना आत चढू देऊ नका.

लोअर मिळाला की तो मागायला लोक येतात.

"काका, तुम्ही साइड अपरला जाल का? आमचं बाळ लहान आहे."

"बाळासाठी दिला असता हो, पण ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. टीसी येतील, त्यांच्याकडे रिकामा लोअर असला तर विचारू या आपण."

एवढं सांगून थांबायचं. संकोचाने हो म्हणू नका, आणि चिडायचंही कारण नाही. उलट आपल्यालाच वरचा बर्थ आला असेल तर टीसी डब्यात आल्यावर लगेच विचारा. रिकामा राहिलेला खालचा बर्थ ज्येष्ठांना द्यायची त्याला मुभा आहे, आणि कुठला रिकामा आहे हे त्याच्या हातातल्या यंत्रावर दिसतं. झोपायची अधिकृत वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. त्याआधी खालच्या बर्थवर इतरांनाही बसायला द्यायचं असतं.

औषधं आणि हाताशी ठेवायचं सामान

औषधं दोन ठिकाणी विभागा. पंधरा दिवसांच्या गोळ्यांपैकी निम्म्या त्यांच्या बॅगेत, निम्म्या तुमच्या. एक बॅग हरवली तरी रक्तदाबाची गोळी चुकायला नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये हवा, कारण ब्रँडचं नाव दुसऱ्या राज्यात मिळेलच असं नाही आणि औषधातल्या मूळ घटकाचं नाव वाचून दुकानदार पर्याय देतो. इन्सुलिन असेल तर थंड पाऊच, आणि तो खिडकीजवळ उन्हात ठेवायचा नाही.

हाताशी एक छोटी पिशवी : चष्मा, टॉर्च, टिशू, साबणाचा कागद, पाण्याची बाटली, थोडे दाणे-गूळ, पॉवरबँक. काही गाड्यांत रात्री अकरानंतर चार्जिंगचे पॉइंट बंद करतात. एसी डब्यात चादर, उशी, ब्लँकेट मिळतं, तरी एक पातळ शाल जवळ असू द्या. चपला बर्थच्या खाली आत ढकलू नका, रात्री चाचपडावं लागतं. पायाशी, भिंतीला लावून ठेवा. आणि दर दोन तासांनी डब्याच्या टोकापर्यंत चालून या, नाहीतर संध्याकाळी पाय सुजतात.

स्टेशनवर

लांब पल्ल्याची गाडी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास लांब असते. डबा चुकला तर या वयात ते अंतर सामान घेऊन पळता येत नाही. एच म्हणजे फर्स्ट एसी, ए म्हणजे टू टायर, बी थ्री टायर, सी चेअर कार, एस स्लीपर. फलाटावरच्या लाल अक्षरांच्या पाटीवर डब्याची जागा दिसते, पण ती गाडी यायच्या थोडीच आधी उजळते. त्यामुळे फलाटाच्या मध्यावर उभं राहा, दोन्ही बाजू सारख्याच पडतात. हमालाला सरळ तिकीट दाखवा, त्याला डबे कुठे लागतात ते पाठ असतं. दर आधी ठरवा आणि मनातल्या मनात थोडे जास्त धरा. मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट, व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणारी छोटी गाडीही असते. चौकशी करायला लाजू नका.

तिकीट दोघांच्या फोनमध्ये, ओळखपत्र ज्याचं त्याच्या खिशात, रोख रक्कमही वाटून. आपल्याकडे सगळं एकाच्याच खिशात असतं, बहुतेक वेळा यजमानांच्या. मग ते चहा आणायला उतरले आणि गाडी हलली तर बायकोकडे ना तिकीट, ना पैसे. म्हणून घरीच ठरवून ठेवा की छोट्या थांब्यावर कुणीही खाली उतरायचं नाही. तरीही चुकामूक झालीच तर चालत्या गाडीत चढायला धावायचं नाही. फलाटावर राहिलेल्याने तिथेच थांबून स्टेशन मास्तरकडे जायचं, गाडीतल्याने टीसीला सांगून रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला फोन करायचा आणि पुढच्या मोठ्या स्टेशनवर सामानासकट उतरून थांबायचं.

मुक्काम, जेवण, देवळं

हॉटेल निघण्याआधीच ठरवा, निदान उडुपी आणि कोचीचं. फोन करून तीनच गोष्टी विचारा : लिफ्ट आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि सकाळी लवकर आलो तर खोली मिळेल का. उडुपीला सकाळीच पोहोचायचं असल्याने तिसरा प्रश्न महत्त्वाचा; गरज पडल्यास आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या. मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम, म्हणजे रेल्वेच्याच मुक्कामाच्या खोल्या असतात, तिकिटावरच्या पीएनआर क्रमांकावर ऑनलाइन मिळतात. बेंगळुरूसारख्या एका रात्रीच्या थांब्याला त्या बऱ्या. सामानघरात बॅग ठेवायची तर तिला कुलूप हवं, बिनकुलपाची घेत नाहीत.

जेवण आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून पीएनआर टाकून जागेवर मागवता येतं. तरी पहिल्या रात्रीचा डबा घरचाच न्यावा, मेथीचे ठेपले किंवा दशम्या.

देवळांचे नियम आपल्याकडच्यापेक्षा कडक आहेत. उडुपीच्या कृष्णमठात आणि कन्याकुमारीच्या देवीच्या मंदिरात पुरुषांना शर्ट काढावा लागतो. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो, आणि मंदिर दुपारी बंद असतं. सकाळीच जा, उन्हं चढली की दगडी फरशी तव्यासारखी तापते आणि पायांत काहीच नसतं. मधुमेह असणाऱ्यांनी जाड मोजे जवळ ठेवावेत.

गडबड झालीच तर

गाडी रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप येतात. गाडीला तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही प्रवासच केला नाहीत, तर पूर्ण परतावा मिळतो, पण त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. नंतर भरला तर उपयोग नाही. परताव्याच्या नावाखाली कुणी फोन करून ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागितला तर फोन ठेवून द्या. रेल्वे असे फोन करत नाही.

डब्यात कुणाला त्रास झाला, एसी बंद पडला, संडास तुंबला, तर १३९ किंवा रेल्वेचं तक्रारीचं ॲप रेलमदत. तक्रारीत पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक सांगायचा. हे तीन आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून चष्म्याच्या घरात ठेवा, कारण गडबडीत फोनवरचा मेसेज सापडत नाही आणि कोकणातल्या बोगद्यांत तर रेंजही नसते. डॉक्टर हवा असेल तर टीसीला सांगा. पुढच्या मोठ्या स्टेशनवर तो बोलावता येतो.

मुलांना रोज रात्री एकदाच फोन करा आणि वेळ ठरवून ठेवा. नाहीतर ती दर स्टेशनला विचारत राहतात आणि तुमचा फोन मदुराई यायच्या आत संपतो.